शनिवारी ४० ग्लास लिंबू सरबत : प्रमाण, कृती, कडूपणा

बी-२०३ : शनिवारी संध्याकाळी गच्चीवर मुलांचे खेळ आहेत. ४० ग्लास लिंबू सरबत लागेल. सकाळी करून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत कडवट होतं, आणि ऐनवेळी तेवढी लिंबं पिळायला कुणी हाताशी नसतं. काय करावं?

सी-१०४ : अगं, तयार सरबत करून ठेवूच नकोस. आदल्या दिवशी लिंबाचा पाक करून फ्रिजमध्ये ठेव. देताना ५० मिली पाक, २०० मिली गार पाणी, झाला ग्लास. बर्फ भरपूर घालणार असशील तर पाणी १५० मिली पुरे, बाकीचं बर्फ वितळून होतंच.

एका वेळचं प्रमाण :
गाळलेला रस २५० मिली
साखर ४०० ग्रॅम
पाणी १५० मिली
मीठ सपाट अर्धा छोटा चमचा
४ लिंबांची साल, फक्त वरची रंगीत

साधारण ६५० मिली पाक होतो, म्हणजे १३ ग्लास. तिप्पट केलंस की ३९. चाळिसावा भांडं निपटून.

बी-२०३ : लिंबं किती आणू काकू?

सी-१०४ : पातळ सालीचं, हाताला जड लागणारं मध्यम लिंबू १५ ते २५ मिली रस देतं. ७५० मिलीसाठी ४० धर, वर १० जास्तीची. पण पाक करताना नगावर जाऊ नकोस, रस मापून घे. "दहा लिंबांना इतकी साखर" असं केलेलं सरबत दर वेळी वेगळं लागतं ते त्यामुळेच. फ्रिजमधली लिंबं तासभर आधी बाहेर काढ आणि ओट्यावर तळहाताने दाबून लोळव, मग आडवी काप. रस जास्त सुटतो.

ए-५०१ : कडूपणाचं मी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

एक कडूपणा लगेच कळतो : किसताना सालीखालचं पांढरं आलं किंवा पिळताना बी चिरडली. दुसरा दबा धरून बसतो. पांढऱ्या सालीत, फोडींच्या पडद्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण आंबट रसात उतरला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते चांगलंच कडू. म्हणून करताना चव घेतली तर फक्कड आणि काही तासांनी तोंड वाकडं. त्यानंतर साखर कितीही ओता, कडूपणा जात नाही.

तेव्हा अख्खं लिंबू मिक्सरमध्ये फिरवायचं नाही. पिळलेल्या फोडी भांड्यात टाकून ठेवायच्या नाहीत. शेवटच्या थेंबासाठी फोड उलटी करून पिरगळायची नाही. रस पिळला की तिथल्या तिथे बारीक गाळणीतून गाळायचा, आणि गाळणीवर उरलेला गाळ चमच्याने दाबायचा नाही. हे शेवटचं बहुतेक जण करतात.

डी-३०१ : जगमध्ये शोभेला चकत्या सोडतात, तेही त्यातच आलं ना?

ए-५०१ : आलं. चकती ग्लासच्या काठाला लावा.

सी-१०४ : आता कृती.

लिंबं कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवायची, विकतच्या लिंबांवर कधी कधी मेणाचा थर असतो. पुसून कोरडी करायची. बारीक किसणीवर एका जागी एकदाच ओढायचं आणि लिंबू फिरवत जायचं, पांढरं दिसलं की तिथे पुन्हा नाही. हा कीस साखरेत घालून बोटांनी चोळायचा आणि तासभर झाकून ठेवायचा. साखर ओलसर होते, रंग पालटतो, झाकण काढल्याबरोबर वास येतो. सालीतलं तेल साखर ओढून घेते. रसातून आंबटपणा येतो, पण "लिंबाचा" म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः या तेलाचा. ही पायरी गाळलीत तर सरबत बिघडणार नाही, पण बेताचंच होईल.

मग त्यात पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ढवळायचं. दाणा विरघळून पाक पारदर्शक झाला की गॅस बंद. उकळी नको. लगेच गाळून कीस काढून टाकायचा. पातेल्याला हात लावून धरवेल इतपत कोमट झाला की रस घालायचा, ढवळायचं आणि बाटलीत भरायचं.

बी-१०२ : एकतारी करायचा ना? आमच्याकडे पाक म्हटलं की तार बघतात.

सी-१०४ : नाही वहिनी. तार येईपर्यंत त्यातलं पाणी निघून जातं. असा जाड पाक गार पाण्यात तळाशी बसतो, ढवळून ढवळून हात दुखतो. वरचा घोट पाणचट, खालचा गोड. शिवाय फ्रिजमध्ये साखरेचे खडे धरतात.

ए-५०१ : आणि पार गारही होऊ देऊ नका. साधारण तापमानाला १०० मिली पाण्यात जेमतेम २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे आपल्या १५० मिलीत ३०० ग्रॅम, आणि आपण घातलीये ४००. गरम असताना ती मावते, गार झाल्यावर वरची साखर खाली बसू शकते. रस घातला की पाणी वाढतं, मग प्रश्न मिटतो.

डी-३०१ : उलट कढत पाकात रस ओतला तर ताजा वास उडतो आणि शिजल्यासारखी चव येते. कोमट म्हणजे कोमटच.

बी-२०३ : भांडं कुठलं घेऊ? पितळेचं मोठं पातेलं आहे.

सी-१०४ : पितळ, तांबं, ॲल्युमिनियम काहीच नको, आंबटाशी लागतं. स्टीलमध्ये कर, काचेच्या बाटलीत ठेव. प्लास्टिकची बाटली एकदा वास धरते तो सोडत नाही.

ए-२०४ : मीठ कशाला पण? मुलं खारट म्हणून पीत नाहीत.

ए-५०१ : खारट लागण्याइतकं नाहीच ते, ग्लासाला पाव ग्रॅमच्या आसपास पडतं. मिठाने कडू चव दबते आणि गोड थोडी पुढे येते. काढून टाकून बघा, तेच सरबत सपक लागेल.

बी-१०२ : पुदिना आणि आलं चालेल का यात?

सी-१०४ : आलं हवं तर २० ग्रॅमच्या पातळ चकत्या गरम पाकात १० मिनिटं ठेवून सालीबरोबर गाळायच्या. किसून पिळलेला रस घातला तर त्यातलं पिठूळ तळाशी पांढरं बसतं. तसाच घालायचा असेल तर वाटीत १० मिनिटं निवळू द्यायचा आणि वरवरचा घ्यायचा.

पुदिना पाकात अजिबात नको. आंबटात त्याचा हिरवा रंग मरतो आणि दुसऱ्या दिवशी बाटली शेवाळल्यासारखी दिसते. देताना चार पानं तळहातावर ठेवून एकदा टाळी द्यायची आणि ग्लासात सोडायची. वाटायचा नाही.

डी-३०१ : मोठ्यांसाठी सोडा घालून करायचं असेल तर प्रमाण तेच, ५० ला २००. फक्त पाक आणि सोडा दोन्ही फ्रिजमधून काढलेले गारच हवेत. गार पाण्यात वायू कितीतरी जास्त मावतो, कोमट पाकावर सोडा ओतलात की अर्धा तिथेच उडाला. आधी पाक, मग ग्लास तिरपा धरून सोडा, मग लांब चमच्याने तळापासून एकदाच वर. वरून मीठ किंवा मसाला भुरभुरलात की फेस काठाबाहेर, म्हणून मीठ पाकातच विरघळलेलं बरं. बंद बाटलीत सोडा आणि पाक एकत्र हलवू नका, झाकण उडेल.

ए-२०४ : साखरेऐवजी गूळ किंवा मध?

सी-१०४ : गुळाने रंग गढूळ होतो आणि लिंबाचा वास मागे पडतो. ते वेगळं पेय, वाईट नाही, पण ते लिंबू सरबत नव्हे. मध घातलात तर वर्षाच्या आतल्या बाळाला एक चमचासुद्धा द्यायचं नाही, हे पक्कं. साखर ३०० ग्रॅमपर्यंत उतरवता येईल, मग रस २२० मिलीच घ्या आणि पाक आठवड्यात संपवा. ज्यांना साखर चालतच नाही त्यांच्यासाठी रस वेगळा काढून ठेवा.

ए-५०१ : टिकण्याबद्दल. यात साखर वजनाने निम्म्याच्या आसपास आहे, म्हणजे बाहेर ठेवण्याइतकी नाही. बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली असेल तर फ्रिजमध्ये दोन आठवडे चालतो. त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ओला चमचा घातलात की यीस्टला वाट मिळते. झाकण उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा वास बदलला, तर तो आंबायला लागलाय, म्हणजे त्यात अल्कोहोल तयार होतंय. मुलांसाठीचा पाक आहे, चाखून बघण्याच्या भानगडीत न पडता ओतून द्या.

बी-२०३ : आणि लिंबं कमी रसाची निघाली तर?

ए-५०१ : १०० मिली रस कमी पडला तर १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचं सायट्रिक ॲसिड. आंबटपणा साधारण तेवढाच येतो, वास येत नाही. मग साल दोन लिंबांची जास्त.

सी-१०४ : शनिवारी एकदम ४० चं कालवू नकोस. जगमध्ये अर्धा लिटर पाक आणि दोन लिटर गार पाणी, म्हणजे दहा ग्लास. ते संपले की पुढचे. बर्फ जगमध्ये नको, ग्लासात, आणि मोठे तुकडे. बारीक चुरा लगेच वितळून सरबत पाणचट करतो.

बी-२०३ : पाक शुक्रवारी रात्री करते. दोन-अडीच लिटरचा जग आणि बारीक गाळणी कुणाकडे आहे?

डी-३०१ : जग आहे, काचेचा. खाली वॉचमनकडे ठेवतो.

ए-५०१ : गाळणी माझ्याकडून ने. स्टीलची आहे.