फी विचारली की 'डीएम करा'! कॉलेजांच्या रील्सनी आपल्या पोरांचं भलं होतंय का?

खानापूरचा_मास्तर
सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पोरांच्या फोनवर कॉलेजांच्या रील्सचा मारा सुरू होतो. एका विद्यार्थिनीने दाखवलेली रील सांगतो. गेटवरून ड्रोन फिरतो, मग गॅदरिंगमधला नाच, मोठ्या अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज' आणि शेवटी 'ॲडमिशन ओपन'. खाली कमेंटमध्ये ज्याचा त्याचा एकच प्रश्न: फी किती? सगळ्यांना उत्तरही एकच: डीएम करा, म्हणजे खाजगीत मेसेज टाका. डीएम केला की फोन नंबर मागतात आणि नंबर दिला की रोज फोन सुरू.

फी उघड का लिहीत नाहीत? इंजिनिअरिंगला सीईटीच्या सीटची फी वेगळी, कॉमेडके या खाजगी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेतून मिळणाऱ्या सीटची वेगळी आणि मॅनेजमेंट सीटची समोरचा बाप बघून ठरते, म्हणून. आणि ते 'हायेस्ट पॅकेज' एका पोराचं असतं. बाकीच्या वर्गाला काय मिळालं? हा सगळा खर्च बंद करा आणि लॅबवर, हॉस्टेलवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिळकवाडी_मीडिया
सर, मी एका डिग्री कॉलेजचं पेज सांभाळते. तुमचा राग कळतो, पण बंद करा म्हणणं पटत नाही. आधी काय होतं? पेपरात पानभर जाहिरात, चौकात होर्डिंग आणि गावोगाव फिरणारा एजंट, जो डोकं मोजून कमिशन घ्यायचा. त्याला कोण जाब विचारत होतं? इथे निदान कमेंटमध्ये चारचौघांत विचारता येतं.

दुसरं, मराठीचं. कर्नाटकच्या भाषा कायद्यात २०२४ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून फलकावर ६० टक्के कन्नड हवंच. उरलेल्या जागेत इंग्रजी बसली की मराठीला कुठे जागा? फोनवर तसं बंधन नाही. आम्ही प्रवेशाची माहिती कन्नड आणि मराठी दोन्हींत टाकतो. जांबोटीकडून सकाळची कुठली बस कॉलेजच्या वेळेत पोचते, हेही टाकलं. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींना साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही. हॉस्टेलला पैसे नाहीत म्हणून शिक्षण थांबवणाऱ्या घरांत या एका पोस्टवरून विचार बदललेत.

नंदगडची_लेक
ताईंचं खरं हाय. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोण शिकलं न्हाई. कुठला कोर्स असतोय, काय असतोय, ते मला रील बघूनच कळलं. आता गावातल्या बारक्या पोरी मलाच विचारूलालेत. बंद करा म्हणू नका सर.

निपाणी_पालक
रीलमधून कोर्स कळतो, मान्य. पण रीलमध्ये 'बेस्ट कॉलेज आहे' म्हणणारी पोरं कोण? मार्क आणि हजेरी ज्यांच्या हातात, त्यांनीच कॅमेऱ्यासमोर उभी केलेली. ते पोरगं काय बोलणार? बाहेरच्या इन्फ्लुएन्सरना पैसे किंवा भेटवस्तू दिली, तर तसं पोस्टवर लिहायचं, हा एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियम २०२१ पासून आहे. आमच्याकडच्या किती पोस्टवर तो पाळलेला दिसतो?

आणखी एक. आम्ही कोल्हापूरच्या कॉलेजांच्याही जाहिराती बघतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी पोरांना महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात 'टाइप ई' या त्यांच्यासाठीच्या गटातून अर्ज करता येतो. निपाणीच्या घरातल्या फोनवर सर्वांत आधी हेच यायला पाहिजे. येतो काय, तर डीजे नाइट! चीड येते.

खानापूरचा_मास्तर
निपाणीकरांशी शंभर टक्के सहमत. नंदगडच्या लेकीचं वाचून 'बंद करा' एवढं मागे घेतो, बाकीचं नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजला फीसकट सगळी माहिती 'मँडेटरी डिस्क्लोजर' म्हणून वेबसाइटवर ठेवावीच लागते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत भाग घेणाऱ्यांना किती पोरं पास झाली, कितींना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे द्यावं लागतं. म्हणजे आकडे कॉलेजकडे तयार आहेत. मग रीलमध्ये का नाहीत?

टिळकवाडी_मीडिया
खरं सांगते सर. मी सुचवलं होतं. व्यवस्थापनाचं म्हणणं, आपण फी लिहिली की शेजारचं कॉलेज पाच हजारांनी कमी सांगून पोरं ओढणार. एकट्याने सुरुवात करायला कोणी धजत नाही. मँडेटरी डिस्क्लोजरची इंग्रजीतली ती लांबलचक पीडीएफ कुठला पालक उघडणार, हेही मला कळतं. तरी रील थांबवून हा प्रश्न सुटत नाही. एजंट परत येईल, एवढंच.

निपाणी_पालक
मग पालकांनीच जोर लावायचा. ज्या पेजवर फी लिहिलेली नाही, तिथे नंबर द्यायचा नाही. आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर तसं ठरवलंय.

नंदगडची_लेक
काका, त्या टाइप ई ला काय काय लागतंय? माझ्या भावाला इंजिनिअरिंगला जायचंय.

खानापूरचा_मास्तर
बाळ, वादग्रस्त सीमाभागातला रहिवास, तिथल्याच शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी आणि मातृभाषा मराठी. दाखल्यांचे नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शेवटी असतात. त्याला घेऊन हायस्कूलवर ये, भरून देतो.