'घरची परिस्थिती' म्हणजे नक्की काय? आणि 'वागणूक' कोणाची?

फिल्डवर्कवाली

नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, फिल्डवर्क मुलांच्या केसेसवर चाललंय. एका शब्दावर गाडी अडकलीये म्हणून इथे विचारते. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्हाला 'मानवी वर्तन आणि सामाजिक पर्यावरण' असा पेपर होता. परीक्षेत लिहिताना काही वाटलं नाही, पण तेच फिल्डवर बोलायला गेलं की 'पर्यावरण' म्हटल्यावर समोरचा माणूस झाडं आणि प्लास्टिकबंदीवर जातो. मग आपण सगळे काय म्हणतो, तर 'घरची परिस्थिती'. मीपण तेच म्हणत होते.

मागच्या महिन्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरी गृहभेटीला गेले होते, मोबाईल चोरीची केस. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील देत नाही. आईला विचारलं, घरची परिस्थिती कशी आहे? तर ती एकदम ताठ बसली. "चांगलीये ताई, कोणाचं एक रुपया देणं नाही. फ्रीज आहे, क्लास लावलेला त्याला." बरोबरच आहे, मी जे विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं. पण हे सगळं ती कुजबुजत सांगत होती, कारण मधे साडीचा पडदा आणि पडद्यामागे नवरा झोपलेला. तो रात्रपाळीचा वॉचमन, सकाळी आठला येतो आणि चार वाजेपर्यंत झोपतो. दहा बाय बाराची खोली. कुकर लावलेला होता तर ती बाई दर दोन मिनिटांनी उठून चिमट्याने शिट्टी जराशी उचलून वाफ सोडत होती, शिट्टी वाजू नये म्हणून. मी अर्धा तास बसले, एकदाही वाजू दिली नाही तिने.

आणि मी रिपोर्टच्या ड्राफ्टमध्ये काय लिहिलं? 'कौटुंबिक परिस्थिती : बेताची. मुलाची वागणूक : उनाड, दिवसभर घरी थांबत नाही.' सुपरवायझर सरांनी लाल पेनने खाली दोनच शब्द लिहिले, "थांबणार कुठे?"

तर प्रश्न असा की तो पडदा, ती झोप, तो कुकर हे सगळं ज्यात बसेल असा रोजच्या मराठीतला शब्द आहे का? परिस्थिती नाही बसत. वातावरण?

जुनापाटा

फोड करून बघितलं तर गंमत आहे. परिस्थिती म्हणजे परि + स्थिती, आजूबाजूची स्थिती. पर्यावरण म्हणजे परि + आवरण, सगळीकडून वेढणारं आवरण. वातावरण म्हणजे वात + आवरण, हवेचं आवरण. म्हणजे मुळात तिन्ही शब्द तुम्हाला हवं तेच सांगतात, माणसाच्या भोवती काय आहे ते. वापरात मात्र तिघांनी वाटणी करून घेतली, पर्यावरण झाडांकडे गेलं, वातावरण सर्दी-खोकल्याकडे ("वातावरण बदललं ना, म्हणून घसा धरलाय") आणि परिस्थिती गेली पैशाकडे. 'परिस्थितीमुळे शिकता आलं नाही', 'परिस्थिती नाजूक', 'परिस्थितीची जाणीव ठेव', यातल्या एकाही वाक्यात पैसा हा शब्द नाही आणि तरी कुणाला शंका येत नाही.

मला वाटतं हा मराठी माणसाचा आडपडदा आहे. 'गरिबी' म्हणायची लाज वाटते म्हणून 'परिस्थिती'. आजारी माणसाला 'बरं नाहीये' म्हणतो तसं.

काळाकोटपांढराबँड

जुनापाटा, अर्धं मान्य. परिस्थिती म्हणजे पैसा हे सगळीकडे लागू नाही. पूरपरिस्थिती, 'परिस्थिती नियंत्रणात', 'परिस्थिती चिघळली', आणि आमच्याकडचा परिस्थितिजन्य पुरावा, यात कुठे आला पैसा? पैशाचा अर्थ चिकटतो तो 'घरची' मागे लागली की, किंवा एखाद्याच्या शिक्षणा-लग्नाचा विषय निघाला की.

आणि ताई तुमच्या विषयात हा शब्द फार जड आहे, सहज घेऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम १५ आहे, १६ वर्षांच्या वरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ (मुलांच्या केसेस ऐकणारं) प्राथमिक मूल्यांकन करतं, त्यात मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि तिसरं म्हणजे कथित गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला ते. तिथे जर कोणी 'परिस्थिती बेताची' एवढंच लिहिलं तर त्या मुलाचं काय होणार विचार करा, कारण त्या मूल्यांकनावरून त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का हे ठरू शकतं. तुमचा मुलगा पंधराचा आहे आणि चोरीची केस आहे म्हणून त्याला हे लागू नाही, पण परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपास अहवाल लागतोच, तोही मुलाला पहिल्यांदा मंडळासमोर आणल्यापासून १५ दिवसांत. त्या पंधरा दिवसांत लिहिलेला एक शब्द फाईलमध्ये पुढे कित्येक तारखा फिरतो, हे मी रोज बघतो.

अजून एक. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिलीत, त्यात एक असं आहे की मुलाबाबतच्या कामकाजात आरोप करणारे, दूषण देणारे शब्द वापरायचेच नाहीत. तुमचं 'उनाड' तिथेच कटतं.

फिल्डवर्कवाली

अरे देवा. 'उनाड' मी प्रेमाने लिहिलं होतं हो, आमच्या घरी आजी आम्हाला सगळ्यांनाच उनाड म्हणायची 🙈

दुपारचा_चहा

माहोल लिहा. 'घरचा माहोल : टाईट.' विषय संपला.

गोदाकाठचा_मास्तर

माहोलवाल्याला कोणीतरी खरंच चहा द्या.

मी मराठवाड्यातला शिक्षक, बावीस वर्षं वर्गात आहे. वर्तन, वर्तणूक, वागणूक, वागणं यातला फरक मला शाळा सोडल्याच्या दाखल्याने शिकवला. दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने असतात. प्रगतीत कधी 'बरी', कधी 'चांगली', वर्तणुकीत मात्र कायम 'चांगली'. ज्यानं बाक मोडला त्याचीपण चांगली, कारण 'वाईट' लिहिलं की त्या लेकराला पुढची शाळा घेणार नाही हे प्रत्येक मास्तरला माहीत असतं. म्हणजे 'वर्तणूक' हा शब्द कागदावर राहून राहून पार कोरडा झाला, त्यात मूल दिसतच नाही. 'वागणं' म्हटलं की दिसतं. "त्याचं वागणं आजकाल बदललंय" असं आई सांगते तेव्हा ती बरंच काही सांगत असते, आणि 'वर्तन' तर फक्त पुस्तकात आणि गैरवर्तनात शिल्लक आहे. सद्वर्तनपण आहे म्हणा, पण ते सुविचाराच्या फळ्यावर.

आमच्याकडं खेड्यात सामाजिक पर्यावरण वगैरे कोणी म्हणत नाही, लोक विचारतात 'पोराची ऊठबस कोणात आहे?' ऊठबस हा भारी शब्द आहे, त्यात जागा पण आली, माणसं पण आली आणि रोजचेपणा पण आला. पैसा मात्र नाही आला. तुमच्या त्या लेकराची घरात ना ऊठ ना बस, ती सगळी बाहेरच.

वळणावरची

मला दोन पैसे टाकायचेत, 'वागणूक' वरून.

कोणी लक्षात घेतलं का की मराठीत हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो? 'त्याची वागणूक उद्धट आहे' म्हणजे तो कसा वागतो. आणि 'त्याला सावत्रपणाची वागणूक मिळाली', 'अपमानास्पद वागणूक दिली' म्हणजे लोक त्याच्याशी कसे वागले. एकच नाम, मागे षष्ठी लावली की माणूस करणारा, चतुर्थी लावली की माणूस सोसणारा. 'वर्तन'चं असं होत नाही, 'त्याला वाईट वर्तन मिळालं' कोणी म्हणत नाही. क्रियापदातपण तेच, वागणे आणि वागवणे. शिवाय 'वागवणे' म्हणजे बाळगणे, वाहणे सुद्धा, ओझं वागवत फिरणे. सुनेला नीट वागवा म्हणतो आणि पोतं पाठीवर वागवतो, क्रियापद तेच.

रिपोर्टच्या फॉर्ममध्ये रकाना असतो 'मुलाची वागणूक'. 'मुलाला मिळालेली वागणूक' असा रकाना मी तरी अजून पाहिला नाही. मी या क्षेत्रात पंधरा वर्षं आहे, संस्थेचं नाव नको, पण आमच्या छापील फॉर्मवर मी कित्येक वर्षं हाताने दुसरी ओळ मारून भरते. एकदा ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही काय खाडाखोड? म्हटलं खाडाखोड नाही साहेब, फॉर्म अर्धाच छापलाय.

जुनापाटा

वळणावरची, हे आवडलं. तुमच्या आयडीचापण पुढे विचार करू, वळण म्हणजे रस्त्याचं, अक्षराचं आणि पोराचंही, तिन्ही 'लावावं' किंवा 'घ्यावं' लागतं. वर्तनातल्या 'वृत्' धातूचा अर्थही फिरणे, वळणे, असणे. म्हणजे संस्कृताने आणि घरच्या आजीने वेगवेगळ्या वाटेने एकच कल्पना पकडली.

चष्मेवाला

थिअरीवाले कोणी आले नाहीत म्हणून मी. 'वागणुकीचे दोन तोंडं' हे कर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये सूत्रात मांडलं, वर्तन हे व्यक्ती आणि तिचं पर्यावरण या दोन्हींचं मिळून फलन (फंक्शन), म्हणजे दोन्हींवर अवलंबून. एक चल धरला आणि दुसरा सोडला तर गणित सुटत नाही. योगायोग बघा, त्याच १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, जे १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखलं जातं. शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे संकल्पना इंग्रजीत डोक्यात बसतात आणि मराठी शब्द नंतर भाषांतरातून येतात, आणि घोळ तिथेच होतो. 'एन्व्हायर्नमेंट'ला पर्यावरण ठोकलं की काम झालं असं वाटतं.

त्याच्याही आधी १९१७ मध्ये अमेरिकेत मेरी रिचमंडने केसवर्कचं (एकेका माणसाची केस घेऊन करायच्या समाजकार्याचं) पहिलं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात ती घर, शेजार, शाळा, नातेवाईक, मालक असे सगळीकडून पुरावे गोळा करायला सांगते आणि या सगळ्याला शब्द वापरते डॉक्टरांचा, निदान. मराठीत 'निदान'चा दुसरा अर्थ 'कमीत कमी'. मला नेहमी वाटतं आपल्याकडे निदान करतात ते याच अर्थाने, निदान एक गृहभेट झाली, निदान सही झाली.

काळाकोटपांढराबँड

चष्मेवाला, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

शब्द बदलले की नजर बदलते का यावर आमच्याकडचंच उदाहरण. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात दोषी ठरलेल्या मुलाला जो इंग्रजी शब्द होता त्याचं मराठी 'बालगुन्हेगार', २००० च्या कायद्याने कायद्याशी संघर्षात आलेला अशी रचना आणली, २०१५ ला त्यातही 'जुवेनाईल' जाऊन 'चाइल्ड' आलं. मराठीत त्याचं झालं विधिसंघर्षग्रस्त बालक. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'अटक' नसतं, 'ताब्यात' असतं. हेतू एकदम चांगला. पण 'ग्रस्त' बघा, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्करोगग्रस्त, तसा विधिसंघर्षग्रस्त. कायद्याचा पूर आला आणि पोरगं वाहून गेलं. चुकूनच का होईना, पण परिस्थितीचा वाटा त्या 'ग्रस्त'मध्ये आलाय असं मला वाटतं. बाकी केस चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाला रिक्षावाला अजूनही रिमांड होमच म्हणतो, तिथे कायदा पोचलेला नाही.

गोदाकाठचा_मास्तर

आणि 'संगत' राहिली की! शेजारच्या बाईला विचारा, मुलगा बिघडला कशाने? एकच उत्तर, संगत. गंमत अशी की प्रत्येक घरात संगत दुसऱ्याच्या पोराची वाईट असते. चार पोरांच्या चार आया मला येऊन एकेकीनं हेच सांगून गेल्यात आणि चौघं एकाच बाकावर बसायचे.

फिल्डवर्कवाली

😂 मास्तर, आमच्या केसमध्ये पण शेजारीण 'संगत' म्हणाली होती, मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

तर अपडेट. आज पुन्हा लिहून दिलं. परिस्थिती शब्द काढलाच नाही, पण त्याच्या पुढे 'आर्थिक' लावलं म्हणजे तो आपल्या जागी बसला. 'वागणूक'च्या खाली वळणावरची ताईंसारखी हाताने एक ओळ मारली. उरलेल्यासाठी शब्द शोधायचा सोडून दिला आणि सरळ असं लिहिलं :

"खोली एकच. वडील रात्रपाळी करून सकाळी ८ ते दुपारी ४ झोपतात. त्या वेळात घरात आवाज करता येत नाही. मुलाची शाळा दुपारची होती, ती सुटल्यापासून तो सकाळी वडील येण्याआधी घरातून निघतो. दिवसा बसण्याची जागा म्हणजे पुलाखालचा कट्टा. ज्या दोन मुलांसोबत चोरीचा आरोप आहे ती त्याला तिथेच भेटली."

सर म्हणाले, ठीक आहे, पण शाळा 'सुटली' म्हणजे कोणी सोडली, त्याने की शाळेने? ते लिहिलं नाहीस. म्हणून उद्या परत जातेय, आता शाळेत.

दुपारचा_चहा

शाळेत दाखला बघून घ्या. वर्तणूक चांगली असणार 😄

जुनापाटा

जाता जाता, वागणूक मधला णू दीर्घ, पण वागणुकीचा, वागणुकीत ह्रस्व. वर दोघातिघांनी बरोबर लिहिलंय म्हणून राहवलं नाही. आणि चष्मेवाला, 'दोन तोंडं' असेल तर 'वागणुकीचे' नाही, 'वागणुकीची'.