मदत हवी आहे: अ‍ॅडमिशन प्लॅन्ड लिहायची की इमर्जन्सी? आजच सांगा

कळव्याचा_पक्या
आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन आहे, शुक्रवारी सकाळी ९ ला. हॉस्पिटल घोडबंदर रोडला. तिथल्या टीपीए डेस्कवरची (मेडिक्लेमचं काम बघणारी) मुलगी म्हणते, प्लॅन्ड असेल तर विमा कंपनीला ४८ तास आधी कळवायला हवं होतं. आज बुधवार, दुपारचे ३ वाजले, म्हणजे काही तासांसाठी अडलंय. रांगेतला एक जण म्हणाला, इमर्जन्सी टाका, पटकन पास होतं. आणि दुखायला लागलं ते अचानकच, रात्री २ ला रिक्षा करून नेलं होतं. म्हणजे इमर्जन्सीच ना? कोणता शब्द लिहू एवढंच सांगा. ऑफिसातून लिहितोय, लेक्चर नको.

घोडबंदरकर
रात्री नेलं ते कधी? तेव्हापासून अ‍ॅडमिटच आहेत का? पॉलिसी ऑफिसची की स्वतःची? हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार असलेल्या यादीत आहे का?

वाशीची_मावशी
प्लॅन्ड अ‍ॅडमिशनच करावी बाबा. आमच्या नातवाच्या वेळी आधीच सगळं तयार ठेवलं होतं. नर्सरीला ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण लागतात, पहिलीला ६. आरटीईच्या २५ टक्के जागांना लॉटरी असते, आणि शाळेपासून १ किलोमीटरच्या आत घर असलं तर आधी विचार होतो. जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा हाताशी ठेव.

कळव्याचा_पक्या
मावशी, आईला शाळेत नाही घालायचंय.
@घोडबंदरकर, मागच्या आठवड्यात नेलं. इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी केली, पहाटे घरी सोडलं. नंतर सर्जनने तारीख दिली. पॉलिसी स्वतःची. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नाही, पण कॅशलेस (बिल परस्पर विमा कंपनीकडून) आता सगळीकडे होतं म्हणाले.

निवृत्त_विमावाला
घरी सोडलं हे आधी सांगायचं ना! मग प्लॅन्डच. इमर्जन्सी म्हणजे त्रास अचानक, ध्यानीमनी नसताना सुरू होणं, आणि लगेच उपचार मिळाले नाहीत तर जिवाला धोका किंवा तब्येतीचं कायमचं गंभीर नुकसान. त्या रात्रीची कॅज्युअल्टीची फेरी इमर्जन्सी होती. शुक्रवारची नाही. आई घरी वरण-भात खातायत, सर्जनने डायरी बघून तारीख दिली.
नेटवर्कबाहेरची कॅशलेस सोय जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिथे नियम असा, की ठरवून भरती व्हायचं असेल तर निदान ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सीत भरती झाल्यापासून ४८ तासांत. नेटवर्क हॉस्पिटलला आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघायचं.

मी_नेरुळकर
एवढं कोण बघतं हो? आम्ही वडिलांच्या हर्नियाला सरळ इमर्जन्सी टाकलं, झालं पास. ह्यांच्या नादी लागू नका.

घोडबंदरकर
टाकलं म्हणजे कोणी टाकलं? कॅशलेसच्या फॉर्मात तो रकाना हॉस्पिटलने भरायच्या भागात असतो, पेशंटच्या नाही. त्याच भागात त्रास किती दिवसांपासून आहे आणि पहिल्यांदा कधी दाखवलं हेही असतं. मागच्या आठवड्याची सोनोग्राफी जोडायची, वर इमर्जन्सी लिहायचं, आणि डॉक्टरने सही करायची? ज्याने आठवडाभर आधी तारीख दिली तो का करेल?

मी_नेरुळकर
आमच्या डॉक्टरांनी केली.

घोडबंदरकर
वडील घरून आले होते की हर्निया अडकला होता?

मी_नेरुळकर
अडकला होता. उलट्या चालू होत्या.

निवृत्त_विमावाला
अहो, मग ती खरीच इमर्जन्सी होती!

कोकणी_काढा
ऑपरेशनची घाई कशाला? कुळथाचं कढण सकाळ-संध्याकाळ. माझ्या मेव्हण्याचा खडा पडला.

घोडबंदरकर
मेव्हण्याचा मूतखडा असेल. हे पित्ताशयातले आहेत, कढणाने पडत नाहीत. पक्या, हे वाचून आईला काही पाजू नकोस.

निवृत्त_विमावाला
पॉलिसी किती जुनी? कारण बहुतेक पॉलिसींत खडे, हर्निया, मोतीबिंदू यांना २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. तो अपघाताला लागत नाही, पण इमर्जन्सी लिहिल्याने टळतही नाही. तो संपला नसेल तर दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी.

कळव्याचा_पक्या
मागच्या वर्षी घेतली. म्हणजे पोर्ट केली, दुसऱ्या विमा कंपनीतून इकडे आणली. आधीच्या कंपनीत ५ वर्षं होती.

निवृत्त_विमावाला
हे पण आता! पोर्ट केली असेल तर जुनी वर्षं धरतात, जुन्या विमा रकमेपुरती. जुनी पॉलिसी शोधून फाइलला लावा.
आता करा असं. सर्जनला विचारा, सोमवारी घेतलं तर चालेल का. चालेल म्हणाले तर आजच कंपनीला मेल टाका, ४८ तास आरामात बसतात. आणि चालेल म्हणाले यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. थांबता येत नसेल तर ते का, हे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहू दे, मग रकाना तेच भरतील. मध्येच ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोट पुन्हा तसंच दुखलं, तर फॉर्मचा विचार न करता कॅज्युअल्टी गाठा.

कळव्याचा_पक्या
सोमवारी रजा नाही मिळणार. शुक्रवारीच केलं आणि पैसे आधी भरले तर?

घोडबंदरकर
तर रीइम्बर्समेंट, म्हणजे आपण भरलेले नंतर कंपनीकडून परत घ्यायचे. पैसे अडकतात, पण क्लेम मेलेला नसतो. तरी कंपनीला आजच कळवून ठेव. बिलाची मूळ प्रत, डिस्चार्ज समरी, सोनोग्राफी, आधीच्या औषधांच्या पावत्यासुद्धा ठेव. बऱ्याच पॉलिसी भरतीआधीच्या ३० दिवसांचा खर्च देतात, म्हणजे त्या रात्रीचं बिलही बसेल. रूम घेताना भाड्याची मर्यादा बघ. महागडी रूम घेतलीस तर बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापतात, ते मला इमर्जन्सी-प्लॅन्डपेक्षा जास्त महाग पडलं होतं.

वाशीची_मावशी
माझा मोतीबिंदू आहे पुढच्या महिन्यात. सकाळी जाऊन दुपारी घरी. त्याला अ‍ॅडमिशन म्हणतात का? २४ तास राहावं लागतं असं शेजारीण म्हणाली.

निवृत्त_विमावाला
मावशी, तो डे-केअर. २४ तासांची अट त्याला नाही. पण ठरवूनच आहे, तेव्हा तुम्हीही आधी कळवा. तुमची पॉलिसी किती जुनी?

कळव्याचा_पक्या
सर्जनला फोन लावलाय, ओटीत आहेत. तोवर रूमच्या मर्यादेचं कुठे लिहिलेलं असतं?