डचेस कॉन्सुएलोसाठी एवढं हळहळायचं कशाला?

खडूस खारूताई

सध्या जो तो त्या 'डॉलर प्रिन्सेस' लोकांबद्दल, म्हणजे विलायती सरदारांशी लग्न लावून दिलेल्या श्रीमंत अमेरिकन मुलींबद्दल, लिहितोय आणि त्यात कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं नाव आलं की सगळे गळा काढतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कच्या रेल्वेवाल्या गर्भश्रीमंत घराण्यातली मुलगी, आईने जबरदस्तीने मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लग्न लावलं, ६ नोव्हेंबर १८९५, मुलगी १८ वर्षांची, लग्नाच्या दिवशी सकाळभर रडत होती आणि चर्चला वीस मिनिटं उशिरा पोचली. नवऱ्याला तिचा पैसा हवा होता, आईला लेकीच्या डोक्यावर डचेसचा मुकुट. वाईट झालं, मान्य.

पण पुढचं बघा ना. ब्लेनहाइमसारखा राजवाडा, १९०२ च्या राज्याभिषेकात राणी अलेक्झांड्राच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्या चार डचेसमधली एक, १९०३ ला दिल्ली दरबारात पाहुणी, जॉन सिंगर सार्जंटसारखा नावाजलेला चित्रकार चित्र काढणार. १९०६ ला नवऱ्यापासून वेगळी झाली तर राहायला लंडनमध्ये वडिलांनी बांधून दिलेलं सुंडरलँड हाउस तयार. मग घटस्फोट, मनासारख्या फ्रेंच माणसाशी दुसरं लग्न, ८७ वर्षांचं आयुष्य. आणि १९५२ साली छापलेल्या आठवणींत सगळी बाजू स्वतःची.

त्याच आठवणींत एक प्रसंग आहे. ब्लेनहाइमला दुपारचं जेवण झालं की उरलंसुरलं पत्र्याच्या डब्यांत भरून गावातल्या गरिबांना वाटायची जुनी पद्धत, आणि मांस, भाजी, गोड पुडिंग सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. हिने ते वेगवेगळ्या डब्यांत भरायला लावलं. आता लोक हे तिच्या दयाळूपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला हे वाचून प्रश्न पडतो की इतकी वर्षं तो कालवलेला डबा मुकाट्याने घेणाऱ्या बाईच्या आठवणी कोणी छापल्या?

जुईली

खारूताई, तुम्ही 'मान्य' म्हणून एका ओळीत जे उरकलंत तेच तर मुख्य आहे. लहानपणापासून काय चाललं होतं ते वाचा. ताठ बसायची सवय लागावी म्हणून अभ्यासाच्या वेळी पाठीच्या कण्याला लोखंडी दांडा, तो कमरेला आणि खांद्यांना पट्ट्यांनी बांधलेला, शिवाय एक पट्टा कपाळावरून, म्हणजे मान खाली घालून वाचताच यायचं नाही, पुस्तक उचलून डोळ्यांसमोर धरायचं. कपडे आई ठरवणार, मतं आई ठरवणार. तिचं विन्थ्रॉप रदरफर्ड नावाच्या मुलावर प्रेम होतं, तर न्यूपोर्टच्या घरात जवळपास कैदेत ठेवलं, पत्रं मधल्यामध्ये गायब, आई म्हणाली त्या पोराला गोळी घालीन, आणि मग आईला हार्ट अटॅक आलाय, तुझ्या हट्टाने जीव जाईल असा निरोप. हे ओळखीचं वाटत नाही का कोणाला? आपल्याकडच्या कितीतरी घरांत आईचं बीपी अजून याच कामाला येतं.

आणि सासरी काय, तर ड्यूकसाहेबांनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं की माझं दुसरीवर प्रेम होतं, ब्लेनहाइम वाचवायला तिला सोडलं. रात्री जेवायला दोघंच. हा ताट भरून घेणार, मग ताट पुढे सरकवणार, काटेचमचे, ग्लास सगळं लांब ढकलणार, खुर्ची मागे घेऊन पायावर पाय टाकून करंगळीतली अंगठी फिरवत बसणार, पंधरा मिनिटांनी भानावर येऊन सावकाश जेवणार आणि वर जेवण गार झालं म्हणून कुरकुर. एक शब्द बोलणं नाही. शेवटी ही जेवणाच्या टेबलावर विणकाम घेऊन बसायला लागली आणि बटलर बाहेर डिटेक्टिव्ह गोष्टी वाचत बसायचा!! राजवाडा असून काय करायचाय.

चहाबाज

बटलरची नोकरी हवीये मला. कुठे अर्ज करायचा?

डबल एंट्री

भावना बाजूला ठेवून जरा हिशोब बघू. करारात बीच क्रीक रेल्वे कंपनीचे २५ लाख डॉलरचे शेअर, त्यावर किमान ४ टक्क्यांची हमी, उत्पन्न ड्यूकला तहहयात, शिवाय दोघांना दरवर्षी स्वतंत्र रक्कम. एवढा पैसा का लागला? तर १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू रेल्वेने बंदरात आणि बंदरातून आगबोटीने इंग्लंडला यायला लागला, तिथले धान्याचे भाव पडले, कुळं खंड देईनात, जमीनदार बसले. मार्लबरो तर आधीपासूनच खंक होते. १८७५ ला कोरीव रत्नांचा संग्रह ३५ हजार गिनींना विकला, मग लायब्ररी लिलावात काढली, १८८५ ला राफाएलचं चित्र नॅशनल गॅलरीला ७० हजार पौंडांना. आठव्या ड्यूकनेसुद्धा श्रीमंत अमेरिकन विधवाच केली होती, तिच्या पैशातून छप्पर दुरुस्त झालं.

आता गंमत बघा. तो गहू न्यूयॉर्कपर्यंत वाहणाऱ्यांत व्हँडरबिल्टांची न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे होती. म्हणजे ज्या धंद्याने इंग्लिश जमीनदार बुडवले त्याच धंद्याचा नफा मुलीबरोबर पाठवून त्यातल्या एकाला वर काढला. मला यात ना ती बिचारी दिसते ना तो खलनायक. दोघं दोन कंपन्यांच्या व्यवहारातली सही होते.

जुईली

सही दोघांची पण बाळंतपण एकटीचं. सासूबाईंच्या सासूबाई, म्हणजे ड्यूकची आजी, पहिल्याच भेटीत सांगते की तुझं पहिलं कर्तव्य मुलगा होणं, कारण तो उपटसुंभ विन्स्टन ड्यूक झालेला मला सहन होणार नाही. (तोच विन्स्टन चर्चिल, तेव्हा गादीचा पुढचा वारस.) विसाव्या वर्षी पहिला मुलगा, पुढच्या वर्षी दुसरा. मुलगी झाली असती तर काय ऐकून घ्यावं लागलं असतं कल्पना करा.

घाटवाटेचा वाटसरू

मला एवढंच आठवतं की पहिला मुलगा १८९७ चा. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली त्या समारंभातून परतताना पुण्यात गणेशखिंड रोडवर चाफेकरांनी रँडला गोळी घातली. प्लेगमध्ये घराघरात सोल्जर घुसवल्याचा राग होता. त्यानंतर दहा दिवसांनी त्याच ज्युबिलीनिमित्त लंडनला डेव्हनशायर हाउसमध्ये डचेस ऑफ डेव्हनशायरचा तो प्रसिद्ध फॅन्सी ड्रेस बॉल, सगळे सरदार राजेराण्या बनून आले, ही पण होती तिथे, पोटुशी. दुसऱ्या दिवशी इकडे रँड मेला. बाईच्या दुःखाबद्दल मला काही म्हणायचं नाही पण तो मांडव कोणाच्या पैशावर उभा होता एवढं लक्षात ठेवा.

चहाबाज

वाटसरूदादा, स्वयंपाकाच्या धाग्यावर पण रँड येईल एक दिवस. शिवाय तिच्या मांडवाचा खर्च अमेरिकन रेल्वेतून, वर डबल एंट्री यांनी सांगितलाय तेवढा.

घाटवाटेचा वाटसरू

छत्र धरायला आणि दिल्ली दरबारात मिरवायला गेली ती अमेरिकन रेल्वेची बाई म्हणून गेली का? आणि हे लग्न ठरलं तेही इथलंच पाणी पिऊन. तिची आई यॉटमधून हिंदुस्थानच्या सफरीला आलेली, कलकत्त्याला व्हाइसरॉय लॅन्सडाउनकडे मुक्काम, आणि व्हाइसरॉयची बायको ड्यूकची सख्खी मावशी. तिथला थाट बघूनच आईसाहेबांच्या डोक्यात हे खूळ शिरलं असं खुद्द मुलगी सांगते. त्यामुळे संबंध नाही म्हणू नका.

अडाणी वकील

खारूताईंच्या मूळ मुद्द्याशी अर्धा सहमत, पण 'मग घटस्फोट' हे दोन शब्द इतके सहज टाकलेत की राहवलं नाही. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार अधिक आणखी काहीतरी, क्रूरपणा किंवा सोडून जाणं वगैरे. ही विषमता १९२३ ला गेली. हिचा घटस्फोट १९२१ चा, म्हणजे जुन्या नियमाने. आणि ही १९०६ पासून परस्परसंमतीने वेगळी राहत होती, म्हणजे 'नवऱ्याने टाकलं' असं म्हणायलाही जागा नाही. तेव्हा आधी पुन्हा एकत्र राहिल्यासारखं दाखवायचं, मग तो गेला की कोर्टात अर्ज की माझा नवरा मला नांदवत नाही, त्याला परत यायचा हुकूम द्या. तो हुकूम पाळत नाही, की झालं सोडून जाणं सिद्ध. मग हॉटेलमधला व्यभिचाराचा पुरावा. पन्नाशीला आलेल्या ड्यूकला आणि चाळिशी ओलांडलेल्या डचेसला हे नाटक करायला लागलं, दोघांनाही सुटायचं होतं तरी.

आता हाच नांदायला येण्याचा दावा मराठी माणसाला कुठून माहीत असायला हवा? रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला जायला नकार, १८८४ ला नवऱ्याचा, दादाजीचा, मुंबई हायकोर्टात दावा. आधी निकाल तिच्या बाजूने, अपिलात फिरला, १८८७ ला हुकूम की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. आणि ही तरतूद आपल्या शास्त्रातली नव्हे हो, विलायतेच्या चर्च कोर्टातून आलेली, आणि विलायतेत त्यासाठी तुरुंगात टाकणं १८८४ लाच बंद झालेलं! तिकडे रद्द, इकडे चालू. रखमाबाई म्हणाल्या तुरुंगात जाते. शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांत तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

म्हणजे जो फास मुंबईत एका बाईच्या गळ्यात अडकवला तोच ३०-३५ वर्षांनी डचेसने सुटायला शिडी म्हणून वापरला. फरक कशाचा, तर महागड्या वकिलांचा.

खडूस खारूताई

वकीलसाहेब, हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात, धन्यवाद. रखमाबाईंना केसरीतून शिव्या पडत होत्या, मागे कोट्यधीश बाप नव्हता, तरी नाही म्हणाल्या. आणि ही?

जुईली

हा काय न्याय झाला ताई? एक बाई धीराची निघाली म्हणून दुसरी भित्री ठरवायची? रखमाबाईंच्या मागे सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन, उभे होते हे विसरताय. कॉन्सुएलोची आईच समोर उभी होती आणि बाप नुकताच घटस्फोट होऊन बाजूला झालेला. घरात एक जरी माणूस आपल्या बाजूचं असलं की कोर्टाशी भांडता येतं, मला तरी हाच फरक मोठा वाटतो, पैसा नंतर.

माजघर

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. नोकरांचं कोणीतरी नीट काढा ना. ब्लेनहाइमला गेल्यावर एकदा हिने घंटा वाजवून बटलरला बोलावलं आणि शेकोटी पेटव म्हणाली. तो म्हणाला मी फुटमनला पाठवतो. म्हणजे काडी ओढणं त्याच्या दर्जाला शोभत नाही! हिने उठून स्वतःच पेटवली. आणि पाहुण्या बायकांच्या दासी आल्या की त्यांनी खालच्या मजल्यावर जेवायला कुठल्या क्रमाने बसायचं ते मालकिणीच्या मानावर ठरणार. डचेसची दासी आधी, मग खालोखालच्या. आपल्याकडच्या पंक्तीच्या मानापानाला उगाच नावं ठेवतो आपण. तर खारूताई म्हणतात तो डबा घेणाऱ्या बाईचा प्रश्न बरोबर आहे, पण त्या उतरंडीला हात लावायला नोकरही तयार नव्हते हेही दिसतं.

डबल एंट्री

आणि डब्यापलीकडेही तिने केलंय. वेगळी झाल्यावर त्याच सुंडरलँड हाउसमध्ये १९१३ ला सभा घेतली, तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या बायकांची, आणि मखमली खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना त्या कामगार बायकांच्या तोंडून आठवड्याची कमाई ऐकवली. १९१७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलवर साउथवर्कची सदस्य झाली, आणि तो काही सरदारांचा भाग नव्हे.

खडूस खारूताई

हे सगळं नवऱ्याला सोडल्यावरचं. म्हणजे डचेसपण सुटलं तेव्हा माणसात आली. माझंच म्हणणं झालं की.

जुईली

डचेसपण कुठे सुटलं, सभेला लोक आले ते डचेसने बोलावलं म्हणूनच. कुणा मिसेस स्मिथने बोलावलं असतं तर चहापुरते तरी आले असते का?

अडाणी वकील

त्या आईबद्दल एक राहिलं. १९२६ ला रोमच्या चर्च कोर्टाने हे लग्न मुळातच रद्द ठरवलं, जबरदस्तीचं होतं म्हणून, आणि साक्ष कोणी दिली, तर आईने! अल्वा बेलमाँट (दुसऱ्या लग्नानंतरचं आडनाव). मी हुकूम दिला, तिला विचारलं नाही, माझा तिच्यावर पूर्ण ताबा होता अशा अर्थाची. तोवर ही बाई अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी पाण्यासारखा पैसा ओतून नाव कमावून बसलेली.

माजघर

म्हणजे जगातल्या सगळ्या बायकांना मत असावं, घरातली एक सोडून 🙄

डबल एंट्री

आणि लग्न रद्द, तरी करारातलं व्याज ड्यूकला तहहयातच ना वकीलसाहेब? मग तो १९३४ पर्यंत जगला.