मागणी नाही, हे कारण पटत नाही

"ग्राहकच नाहीत म्हणून कंपन्या टीव्हीचे सेट टॉप बॉक्स सुटे विकायला दुकानात आणत नाहीत", असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ग्राहक भरपूर आहेत, पण पैसे भरून घ्यायच्या डीटीएचमध्ये (छतावरच्या छत्रीतून थेट घरी येणारी टीव्ही सेवा) बॉक्स आणि वाहिन्या उघडणारं कार्ड एकाच कंपनीला जखडलेले असतात. म्हणजे बॉक्स बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नाही, तर मोजक्या डीटीएच कंपन्या! तिथं ठोक ऑर्डर मिळाली तरच धंदा.

याउलट दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या बहुतेक वाहिन्या विनाकुलूप, म्हणजे कार्डाशिवाय दिसणाऱ्या, आणि एमपेग-२ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत होत्या, त्यामुळे बॉक्स बनवायला कुणाचीही परवानगी घ्यायची गरज नव्हती. म्हणून तालुक्याच्या बाजारात कितीतरी अनोळखी नावांचे बॉक्स मिळू लागले. त्यातले काही अगदी सुमार असतात हेही खरं, पण निवड ग्राहकाच्या हातात राहते, आणि मला तेच मोलाचं वाटतं.