मदत हवी आहे: तिकोनी शाल, जाळीच्या ओळीत मधला टाकाच हरवतोय

नमस्कार, मी नागपूरची. सुलट-उलट टाके आईनेच शिकवले आणि आत्तापर्यंत माझे फक्त दोन मफलर झालेत. आता आईसाठीच तिकोनी शाल विणून राहिलीये. ती रोज सकाळी सहाला अंबाझरीला फिरायला जाते, तेव्हा चांगली कुडकुडते आणि नऊ-दहाला ऊन तापलं की अंगावर काही नको होतं, म्हणून जाड नको. शिवाय साधी शाल हात हलवत चाललं की खांद्यावरून घसरते, त्यामुळे हिची टोकं समोरून फिरवून पाठीमागे बांधता यायला हवीत.

इतवारीतून 100 ग्रॅमचे 2 गुंडे आणले, सुई 6 नंबरची म्हणजे 5 मिमी, वायरवाली. वरून मधोमध 9 टाक्यांनी सुरुवात केली, दर सुलट बाजूच्या ओळीत 4 टाके वाढतात, दोन्ही कडांना एकेक आणि मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. कडेचे 3-3 टाके कायम सुलट. आता 129 टाके झालेत, सगळं सुलटच, आणि इथून मला जाळीची एक ओळ हवी, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), धागा पुढे (सुईवर धागा घेऊन नवा टाका, त्यानेच भोक पडतं), दोनाचा एक, धागा पुढे असं. पण उजवा अर्धा छान येतो आणि मध्यावर आलं की मधला टाकाच दोनाच्या एकात जातो!! तीनदा उसवलं, लोकर फुलायला लागलीये आता. टाके चुकले की पद्धत? आणि 2 गुंड्यांत बांधण्याइतकी लांब होईल का?

प्रतिसाद १
अगं टाके बरोबर आहेत तुझे. 129 मधून कडेचे 6 आणि मधला 1 काढ, राहिले 122, म्हणजे एका अर्ध्यात 61. तू दोन-दोनने वाढवतेस म्हणून हा आकडा कायम विषमच येणार आणि जाळीला लागते जोडी, तो उरलेला एक टाका मध्याजवळ सुलट ठेवायचा. पहिला अर्धा: 3 सुलट, धागा पुढे, मग (दोनाचा एक, धागा पुढे) 30 वेळा, 1 सुलट, धागा पुढे, मधला टाका सुलट. तिथून आरशासारखं उलटं, धागा पुढे, 1 सुलट, (धागा पुढे, दोनाचा एक) 30 वेळा, धागा पुढे, 3 सुलट. शेवटी 133 यायला हवेत. मधल्या टाक्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांध, ओळ कुठलीही असो तो काढू नको.

प्रतिसाद २
लोकरीचं सांगते. तिकोनात ओळ लांबत जाते, त्यामुळे खोली (वरून खालच्या टोकापर्यंतचं माप) निम्मी झाली तेव्हा लोकर पावच संपलेली असते, खूप उरली असं वाटून फसू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक ओळ विणायच्या आधी आणि नंतर गुंडा ठेवा, एका ओळीला किती ग्रॅम जातात ते कळेल, शेवटी टाके बंद करायला मी तीन ओळींची लोकर राखून ठेवते. आणि बंद करताना हात सैल ठेवा किंवा जाड सुई घ्या, नाहीतर खालची कड आखडते. बांधायला टोकं लांब हवीत तर जाळी झाल्यावर उलट बाजूच्या ओळीतही दोन्ही कडांना 1-1 टाका वाढवा, टोकं लांबतात आणि खोली कमी वाढते, आईंना चालताना तेच सोयीचं. फक्त मग अर्ध्यातले टाके कधी सम कधी विषम येतील, पुढची जाळी टाकायच्या आधी मोजून घ्याल.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)
ताई, बसलं!! 133 आले, मधला टाका जागेवर आहे. आईला दाखवलं तर ती म्हणाली पुढच्या पट्ट्यात साबुदाणा वीण घाल, एक सुलट एक उलट. त्यालाही तो उरलेला टाका मध्याजवळच ठेवू ना?

प्रतिसाद १
साबुदाण्याला गरज नाही गं. खालच्या ओळीत सुलट दिसतोय त्यावर उलट, उलट दिसतोय त्यावर सुलट, वाढवलेले टाके त्यातच सामावून घे.