पेट्री डिशमध्ये पेशी मेल्या, म्हणून कॅप्सूल घ्यायची?

रामबागकर: आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय. 'केमोऐवजी रेशी मशरूम! अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या, प्रयोगशाळेत सिद्ध.' खाली कॅप्सूलचा भाव. माझ्या मते हे पैसे पाण्यात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या डिशमधल्या पेशी दाट मिठाच्या पाण्यानेही मरतात. अशा बऱ्याच पेपरांत डोस मिलिलिटरला २००-५०० मायक्रोग्रॅम असतो. ५०० मिलिग्रॅमची अख्खी कॅप्सूल ५ लिटर रक्तात उतरली, तरी मिलिलिटरला भरतात १०० मायक्रोग्रॅम. आणि अख्खी उतरत नाहीच.

अंगणातली सदाफुली: भाऊ, मुलांच्या ल्युकेमियावरचं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच आलं. ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात त्या कॅम्प्टोथेसिनपायी सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती तोडून तोडून संपत आलीय. जपानने तर शिटाकेतलं लेंटिनान १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरसाठी, केमोच्या जोडीला मंजूर केलं. मशरूम म्हटलं की हसायचं, हे काही विज्ञान नव्हे.

रामबागकर: हसतंय कोण? व्हिन्क्रिस्टिन हा एकच शुद्ध रेणू, मोजून शिरेतून देतात. सदाफुलीचा काढा कुणी पाजत नाही. लेंटिनानही इंजेक्शनच.

जीवशास्त्रवाली: रामबागकर, तुमचा हिशेब मशरूममधल्या बीटा-ग्लुकानला, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांना, लागत नाही. त्याचं मुख्य काम पेशी मारणं नाहीच. ते मॅक्रोफेज या रक्षक पेशींवरच्या डेक्टिन-१ या रिसेप्टरला चिकटतं आणि प्रतिकारशक्तीला जागं करतं. नुसत्या कॅन्सर पेशींच्या डिशमध्ये ते दिसणार कुठून? शिवाय किती पेशी जिवंत आहेत हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात, पण अर्कातली अँटिऑक्सिडंटंही तो जांभळा करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात! डिशचे आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात, तुमच्याही.

दवा बाजारवाले: ज्ञान झालं सगळ्यांचं? घरात केमो चालू असताना ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. काकू रेशी घेते, भूक लागते म्हणते. तुम्ही कोण अडवणार?

रामबागकर: अडवत नाही हो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का त्यांना? रेशीने रक्त गोठणं मंदावू शकतं. आणि वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१६ मध्ये रेशीच्या ५ चाचण्या, ३७३ रुग्ण तपासले. पहिला उपचार म्हणून द्यावी इतका पुरावा निघाला नाही.

अंगणातली सदाफुली: पुढचं वाक्य गिळलंत! नेहमीच्या उपचारासोबत जोड म्हणून विचार करता येईल, असंही तिथेच लिहिलंय.

रामबागकर: जोड म्हणून, आणि डॉक्टरांना माहीत असेल तर. फॉरवर्डमध्ये 'केमोऐवजी' आहे, ताई.

अंगणातली सदाफुली: मग भांडण फॉरवर्डशी करा, मशरूमशी कशाला?

दवा बाजारवाले: रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू आहे काकूला. उद्या डबी घेऊनच ओपीडीत जातो. पण भूक लागते तिला, ते कुणी खोडू नका.